उलटी गादी

१

पाच नंबरची जीप खडकात कोसळली ती बारा-साडेबाराच्या सुमारास, आणि दीड वाजायच्या आत ती कुणामुळे कोसळली हे ठरवूनही झालं होतं. माझ्या धाकट्या भावामुळे. ना कुणी जागेवर जाऊन पाहिलं, ना कुणी त्याला काही विचारलं. हाताला ग्रीस लागलेला माणूस समोर उभा होता, त्याच्या माथी खापर फोडलं आणि सगळे जेवायला गेले.

आमचं बेट लहान. किनाऱ्याला धरून एकच रस्ता बेटाभोवती फिरतो, आणि तो बघायला माणसं बोटीतून उतरतात. त्यांना आम्ही उघड्या जीप भाड्याने देतो. छप्पर नाही, दारं नाहीत, वारा खात फिरा. गाडीतळावर अशा अकरा जीप. धाकटा त्यांचा मेकॅनिक. मी त्यांच्या सीट शिवते, ताडपत्र्या शिवते, पट्टे बसवते. अठरा वर्षं झाली, मला सगळे शिवणताई म्हणतात.

त्या दिवशी पाच नंबर एका मास्तर जोडप्याने नेली होती. दीपगृहाखालच्या वळणावर जीप लावून दोघं पायऱ्या उतरून पाण्यात गेले, तासाभराने वर आले तर जीप गायब. खाली वाकून पाहिलं तर खडकात नाक खुपसून पडलेली. आदल्याच दिवशी धाकट्याने तिच्या हँडब्रेकला नवी तार घातली होती. झालं, सगळ्यांना तेवढंच पुरलं.

मी शेडमध्ये पोचले तेव्हा शेठ धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने बोलत होता. "चुका माणसाकडूनच होतात रे. मी पोलिसात जात नाही. उद्या तपासणी साहेब वर्षाची तपासणी करायला येतायत, त्यांच्याकडे तुझा परवाना गुपचूप जमा कर. तोवर कुठल्या गाडीला हात लावू नकोस."

धाकटा मान खाली घालून उभा होता. बारा वर्षं पलीकडच्या गावात दुसऱ्यांच्या गॅरेजात लोळून, दोनदा नापास होऊन, तिसऱ्यांदा मिळवलेला परवाना. सहा वर्षांपूर्वी तो घेऊन इथे आला तेव्हा आईने तो कागद देवापुढे ठेवला होता. तो आता गुपचूप जमा करायचा म्हणे!

"का म्हणून जमा करायचा?" मी विचारलं.

शेठने माझ्यासमोर एक कागद धरला. मास्तरांच्या सहीचा. त्यात लिहिलं होतं, 'हँडब्रेक सकाळपासून ढिला लागत होता आणि तसं मी फोन करून मेकॅनिकला कळवलं होतं.'

मी धाकट्याकडे पाहिलं. "आला होता फोन?"

"नाही गं ताई," तो म्हणाला. "पण आता मलाच काही कळेनासं झालंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

२

तीन वाजता क्रेनने जीप वर काढली आणि शेडमागे आणून टाकली. शेठने बजावलं, साहेब येईपर्यंत कुणी तिला हात लावायचा नाही. आणि लगेच मला म्हणाला, "शिवणताई, तुम्ही मात्र सीट काढून घ्या. चांगल्या आहेत, नऊ नंबरला लागतील."

हा असा माणूस! एकाचा संसार बुडत होता आणि ह्याचा जीव सीटमध्ये अडकला होता. पण बरंच झालं. त्याच्या चिकटपणानेच मला त्या जीपजवळ पोचवलं.

जीपचा पुढचा भाग चेचला होता, बॉनेट दुमडलं होतं, काच फुटली होती. मागची चाकं मात्र शाबूत. मी ड्रायव्हरच्या बाजूने आत वाकले आणि तशीच थांबले.

सीटची गादी उलटी होती.

हे तुम्हाला नीट सांगायला हवं. उघड्या गाडीची काळी सीट उन्हात तव्यासारखी तापते, आणि मधेच सर आली की भिजते. म्हणून आमच्या सीटची गादी सुटी असते. वरून काळं रेक्झिन, खालून जाड कॅनव्हास. गाडी उभी करून उतरलं की गादी उलटायची आणि पट्ट्याने बांधायची, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. पुन्हा बसायच्या वेळी सुलटी करायची. गाडीतळावर प्रत्येकाच्या हाताला ही सवय आहे. उतरलं की उलटली, त्यासाठी डोकं लागत नाही. गिऱ्हाइकाला मात्र यातलं काही ठाऊक नसतं. आम्ही गादी सुलटी करून जीप देतो, तो परत आणतो तेव्हाही ती सुलटीच असते.

कोसळताना उलटली असेल? मी पट्टा पाहिला. पट्टा गादीवरून घेऊन सीटच्या दांडीला पक्का बांधलेला होता. आधी उलटली, मग बांधली. खडक काही पट्टे बांधत नाहीत.

आणि तो पट्टा ज्या तऱ्हेने बांधला होता, ते मी दोनदा वाकून पाहिलं. मी कशालाच हात लावला नाही. घरी जाऊन सुई-दोरा आणला, जीपवर ताडपत्री टाकली आणि तिच्या चारही कडा एकमेकींना शिवून टाकल्या. माझ्या टाक्यावर दुसऱ्या कुणाचा टाका पडला तर मला आंधळीलाही कळेल.

शेठ खिडकीतून ओरडला, "सीट काढल्या का?"

"रेक्झिन ओलं आहे," मी म्हटलं. "उद्या काढते."

३

मास्तर जोडपं धक्क्याजवळच्या लॉजवर उतरलं होतं. मास्तर मला पाहताच खोलीत शिरले आणि आतून म्हणाले, "मी सही केलीये, मला आता यात पडायचं नाही." मास्तरीणबाई मात्र ओल्या केसांनी व्हरांड्यात आल्या. रागाने त्यांचं नाक लाल झालं होतं. मला हायसं वाटलं. तोपर्यंत मी एकटीच चिडलेली होते.

"फोन केला होता तुम्ही?" मी विचारलं.

"कुणी? यांनी? यांना रेंज तरी मिळाली होती का दिवसभर!" त्या म्हणाल्या. "तुमचे ते शेठ कागद लिहूनच घेऊन आले. म्हणाले, सही केलीत तर दोष मेकॅनिकचा, नाही केलीत तर तुमचा, मग चौकशी संपेपर्यंत तुम्हाला बेट सोडता येणार नाही. यांची परवा शाळा. केली सही. मी ओरडले तर म्हणतात, तू गप्प बस."

"हँडब्रेक ओढला होता?"

"मी स्वतः पाहिला. आणि हे इतके भित्रे, की जीप डोंगराच्या भिंतीकडे तोंड करून लावली, म्हणजे समुद्राकडे पाठ. वर मला सांगितलं, मागच्या चाकाला दगड लाव. नारळाएवढा दगड लावला मी, बोट चेंगरलं माझं." त्यांनी काळंनिळं बोट दाखवलं.

समुद्राकडे पाठ करून लावलेली जीप सुटली असती तर मागे मागे गेली असती. मग खडकावर तिची मागची बाजू आपटली असती. इथे तर नाक चेचलं होतं आणि मागची चाकं धड होती. म्हणजे दगड काढून, जीप चालू करून, तिला समुद्राकडे वळवून कुणीतरी उभी केली होती. किल्ली मास्तरांच्या खिशात. दुसरी किल्ली फक्त गाडीतळावर.

"उतरताना सीटची गादी उलटी केली होती का तुम्ही?"

"उलटी? उलटी होते ती?"

"आणि त्या वळणावर जायचं कुणी सुचवलं?"

"तुमच्या शेठनीच. खाली पोहायला छान आहे म्हणाले. अगदी नकाशा काढून दिला."

आतून मास्तरांचा आवाज आला, "अगं, पुरे आता."

"तुम्ही पुरे!" बाई खेकसल्या. "उद्या मी येणार तिथे. तुम्ही बसा इथे शाळेची काळजी करत."

४

आता गाडीतळावरची माणसं. आम्ही सगळे मिळून पाच. मी, धाकटा, काउंटरवरचा पावतीवाला, जीप धुणाऱ्या मावशी आणि शेठ. गादी उलटायची सवय ह्यांच्याबाहेर बेटावर कुणाला नाही.

पावतीवाला दोन वर्षांपूर्वी आला. त्याला विचारलं, तर तो चोरी पकडल्यासारखा घाबरला. "मी जागा सोडली नाही, ताई. समोर बोटीची तीसेक माणसं उभी होती, कुणालाही विचारा."

"आणि शेठ?"

"अकरापासून केबिनमध्ये. डोकं दुखतंय म्हणाले. दार लावून पडले होते."

केबिनला मागेही दार आहे. मागच्या दारातून टेकडीची पायवाट निघते आणि ती दहा मिनिटांत दीपगृहाच्या वळणावर उतरते. रस्त्याने तेच अंतर अर्ध्या तासाचं. पण ते मी पावतीवाल्याला बोलले नाही. तो ऐकतो ते सगळं तासाभरात बेटावर पसरतं.

"एक काम कर," मी म्हटलं. "त्या सात नंबरची गादी उलटून दाखव."

त्याला वाटलं मला वेड लागलं. पण त्याने उलटली आणि खटकन बकल लावलं. मावशींनाही तेच करायला लावलं. त्या चार वर्षांच्या जुन्या. त्यांनीही बकलच लावलं, आणि म्हणाल्या, "हे काय नवीन खूळ? तुमचा भाऊ गाळात चाललाय आणि तुम्ही गाद्या कसल्या उलटताय?"

"भावासाठीच उलटतेय."

मावशींनी पाइप खाली टाकला. "मग ऐका. पोरानं काही केलेलं नाही. गेल्याच आठवड्यात त्याच्याशी शेठचं वाजलं होतं. दोन, चार आणि आठ नंबर. खारं पाणी लागून त्यांच्या चासी, खालचे सांगाडे, आतून गंजानं खाल्ल्यात. पोरगा म्हणाला, ह्यांच्या तपासणीच्या कागदावर मी सही करणार नाही. शेठ म्हणाला, मग सही करणारा दुसरा आणतो. मी तिथेच चाकं धूत होते. मला कोण मोजतं!"

मला धाकट्याने हे सांगितलंही नव्हतं. हा मुलगा लहानपणापासून असाच, मार खाऊन येणार आणि पडलो म्हणून सांगणार.

मी तडक केबिनमध्ये गेले. शेठ पंख्याखाली बसला होता.

"सीटच्या पट्ट्यांबद्दल विचारायचं होतं," मी म्हटलं. "बकलं नीट लागतात का? तुम्ही कधी लावून पाहिलंत?"

तो हसला. "मी? अहो शिवणताई, मी ह्या खुर्चीत बसल्यापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. गादी उलटी का सुलटी, ते तुमचं खातं."

अकरा वर्षांपूर्वीपर्यंत हाच माणूस म्हाताऱ्या मालकाकडे ह्याच जीप चालवायचा. पर्यटक घेऊन दिवसातून चार फेऱ्या मारायचा, मला ताई म्हणायचा आणि माझ्या डब्यातलं खायचा. नव्या माणसांना हे माहीत नाही, कारण शेठला ते आवडत नाही.

"बरोबर," मी म्हटलं. "माझंच खातं."

५

सकाळी तपासणी साहेबांची गाडी दारात आली, तर मधोमध सात नंबरची जीप आडवी उभी. ती मीच मावशींकडून तशी लाववून घेतली होती, धुवायची म्हणून. मावशी पाइप घेऊन लांब गेल्या होत्या. पावतीवाल्याला साहेबांनी आल्या आल्या फायली आणायला पिटाळलं. धाकट्याला शेठनेच बंदी केली होती.

साहेबांनी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. "कुणाची ही? बाजूला घ्या!"

शेठ केबिनमधून धावत आला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मला पाहिलं. मला चालवता येत नाही. तो चरफडला, गादी सुलटी करून स्वतःच बसला, झोकात जीप मागे घेतली आणि भिंतीला समांतर लावली. उतरला. साहेबांकडे बघून हसत "या, या" म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या हातांनी गादी उलटली, पट्टा दांडीखालून दोनदा फिरवला, शेवट खाली दुमडून आत खोचला. बकल तसंच लोंबत राहिलं.

"साहेब," मी म्हटलं, "त्या सीटकडे पाहता का जरा?"

शेठने वळून पाहिलं. त्याचा चेहरा पडला, पण कशामुळे ते त्याला अजून पुरतं उमगलं नव्हतं.

मी पावतीवाल्याला बोलावलं, मावशींना बोलावलं, धाकट्याला बोलावलं. तिघांना वेगवेगळ्या जीपच्या गाद्या बांधायला लावल्या. तिघांनी खटाखट बकल लावलं.

"आठ वर्षांपूर्वी मी ही बकलं बसवली," मी साहेबांना सांगितलं. "त्याआधी पट्टा असा हाताने बांधायचे, दोन वेढे आणि खोच. हा पावतीवाला दोन वर्षांचा, मावशी चार, माझा भाऊ सहा. ह्यांनी तो वेढा पाहिलेलासुद्धा नाही. तो बांधणारे इथे दोघंच उरलेत. एक मी, आणि मला गाडी चालवता येत नाही. आता मागे चला."

शेडमागे ताडपत्रीचा टाका न् टाका जिथल्या तिथे होता. मी साहेबांच्या हातात कात्री दिली आणि त्यांनाच उसवायला लावलं. ताडपत्री सरकली. पाच नंबरची उलटी गादी, दांडीला दोन वेढे, शेवट आत खोचलेला.

मास्तरीणबाई तोवर आल्या होत्या. डोंगराकडे तोंड, चाकाला दगड, आधीच लिहून आणलेला कागद, सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं. मागे मास्तर उभे होते. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "फोन मी केला नव्हता. ती ओळ शेठनी लिहिली."

साहेबांनी शेठला विचारलं, "जीप वळवून उभी केलीत. मग उतरलात. गादी का उलटलीत हो? ढकलायचीच होती ना?"

शेठ त्या पट्ट्यापाशी वाकला. "मला आठवतही नाही," तो म्हणाला. "खरंच आठवत नाही." मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "पण मी नीट बघून ढकलली. आत कुणी नव्हतं, खाली कुणी नव्हतं. कुणाला खरचटलंय का?"

"दोन, चार आणि आठमध्ये माणसं बसणार होती," धाकटा म्हणाला.

कालपासूनचं त्याचं हे पहिलं धड वाक्य.

६

साहेबांनी तिन्ही जीपच्या चासीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून पाहिला. आठ नंबरमध्ये तो मुठीपर्यंत आत गेला. गाडीतळाला टाळं लागणार हे आम्हा सगळ्यांना तिथेच कळलं. पावतीवाला मटकन खाली बसला. माझंही काम गेलं होतं, पण मला त्याचं काही वाटण्याइतकी शुद्धच नव्हती. मी शेठकडे बघत होते. माझ्या डब्यातलं खाल्लेला माणूस! धाकटा सही करत नाही म्हणून काढून टाकायचं होतं तर तोंडावर सांगून काढायचं होतं. साहेबांनी त्याचं काही ऐकू नये म्हणून ह्याने त्याच्या हातालाच खोटं पाडलं.

शेठने सांगितल्याप्रमाणे धाकट्याने फायलींत ठेवलेला परवाना साहेबांनी बाहेर काढला आणि त्याच्यापुढे धरला. "घ्या. तुमचं यात काही नाही."

धाकट्याने तो घेतला नाही.

"काय झालं रे?" मी म्हटलं. "घे ना."

"ताई, रात्रभर मी एकच विचार करतोय. तार ओढून घेतली, नट आवळला, मग पुन्हा तपासला का? मला आठवेना. मीच चुकलो असं शेठ इतक्या मायेने म्हणाले, की मला ते खरंच वाटायला लागलं." तो साहेबांकडे वळला. "साहेब, सगळं सिद्ध झालं. पण माझा ब्रेक धरत होता की नाही, हे अजून कुणी बघितलंच नाही."

तो पाच नंबरजवळ गेला. ब्रेक सुटा होता, त्याने मागून खांदा लावला तशी ती हातभर पुढे सरकली. वाकला. हँडब्रेक वर ओढला. कर्र कर्र आवाज झाला आणि दांडा जागच्या जागी बसला.

"ढकला," तो म्हणाला.

पावतीवाला उठला. मावशी आल्या. मी पदर खोचला. मास्तरीणबाईंनी मास्तरांना दंडाला धरून ओढत आणलं. आम्ही मागून जोर लावला. मागची चाकं हलली नाहीत.

"शेठ," धाकटा म्हणाला, "तुम्हीपण या."

शेठ जागचा हलेना. साहेबांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो आला. त्याने हात लावल्यासारखं केलं.

"असं नाही," धाकटा ओरडला. सहा वर्षांत मी त्याला ओरडताना ऐकलं नव्हतं. "काल लावलात तसा लावा. ढकला!"

शेठने खांदा लावला. आम्ही सगळ्यांनी लावला. त्याच्या कपाळाची शीर माझ्यापासून वीतभर अंतरावर तटतटली होती, आणि त्याचे बूट मातीत मागे मागे घसरत होते.

जीप तसूभर हलली नाही.

"पुरे," धाकटा म्हणाला. त्याने पँटला हात पुसले आणि साहेबांच्या हातातून परवाना घेतला.